विसापूर विचारा, लोहगड मिळेल

पुण्यात पत्ता विचारला की दोनच गोष्टी मिळतात, नेमका पत्ता नाहीतर नेमका अपमान. मावळात तसं नाही. मळवली स्टेशनावर उतरा आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारा, "विसापूर किल्ल्याला कसं जायचं हो?" तो तुमच्या तोंडाकडे पाहील, मग बुटांकडे पाहील आणि म्हणेल, "बसा. लोहगडाला सोडतो." तुम्ही म्हणाल, "अहो, विसापूर." तो म्हणेल, "शेजारीच हाय की." आता शेजारीच आहे हे कुणी नाकारू शकत नाही. दोन्ही किल्लेच, दोन्ही एकाच रांगेत, मध्ये एक खिंड, दोघांचं स्टेशनही एकच. शिवाय तुमच्यासारखे बूट घालून आलेले लोक लोहगडालाच जातात हा त्याचा रोजचा अनुभव. त्याने तुमचा शब्द घेतलाच नाही, हेतू घेतला. या माणसाला थोडं चढायचं आहे, जरा जास्त दमायचं आहे, फोटो काढायचे आहेत आणि संध्याकाळच्या लोकलने परत जायचं आहे. एवढ्याला लोहगड पुष्कळ झाला.

संगणकवाले यालाच सिमँटिक सर्च म्हणतात. शब्द जुळतो का हे न बघता अर्थ जुळतो का हे बघून शोधायचं. आणि हा शोध आता इंटरनेटवरच्या पानांपुरता राहिलेला नाही, सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात हजारो फाइली असतात त्यांतून हवी ती फाइल हुडकायलाही तो वापरतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ज्यांनी फाइली लिहिल्या त्यांनाच त्या शोधाव्या का लागतात? असा प्रश्न बाहेरच्याच माणसाला पडू शकतो. या धंद्यात लिहिण्यापेक्षा जास्त वेळ कुठे लिहिलंय हे शोधण्यात जातो. पगार मात्र लिहिण्याचा म्हणून घेतला जातो, आणि याबाबतीत सगळ्यांनी आजवर कमालीची एकजूट दाखवली आहे.

आमचं ऑफिस तळेगाव दाभाड्यात, औषधाच्या दुकानाच्या वर. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्जं, हप्ते, दंडव्याज, सोनेतारण, पिग्मी, सगळं. प्रकल्पाला अठरा वर्षं पूर्ण झाली. आता त्याला मतदानाचा हक्क आहे आणि वागणंही त्या वयाला शोभेल असंच आहे, विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. जितक्या लोकांनी त्याला हात लावला तितक्या शुद्धलेखनाच्या परंपरा त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. साधा हप्ता घ्या. पहिल्याने इन्स्टॉलमेंट लिहिताना अमेरिकन पद्धतीने दोन एल लावले. दुसरा कॉन्व्हेंटचा, त्याने ब्रिटिश पद्धतीने एकच लावला. तिसऱ्याने दोन्ही एल लावले पण एस खाल्ला. चौथ्याला कटकट नको होती, त्याने ईएमआय करून टाकलं. पाचवा स्वाभिमानी, त्याने रोमन लिपीत चक्क 'हप्ता' लिहिलं. त्याच्या जागी आलेला मुलगा इंदूरचा, त्याने 'किस्त' सुरू केली. कर्जदार एकच, कर्ज एकच, थकबाकीही तीच. हप्ते मात्र सहा घराण्यांचे.

अशा ठिकाणी ग्रेपची फार पंचाईत होते. ग्रेप म्हणजे अक्षराला अक्षर जुळवून शोधणारी जुनी आज्ञा. १९७३ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ती लिहिली. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन हे 'फेडरलिस्ट पेपर्स' या जुन्या राजकीय निबंधांतला कोणता निबंध कुणी लिहिला हे शब्दांवरून ताडायच्या खटपटीत होते आणि तो सगळा मजकूर त्या काळच्या एडिटरच्या पोटात मावेना. थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधण्याचा भाग तेवढा उचकटून त्याचा वेगळा प्रोग्रॅम करून दिला. एका रात्रीत, असं सांगतात. या गोष्टीला पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि ग्रेप अजून तितकाच खणखणीत आहे.

स्वभाव मात्र पक्का सदाशिव पेठी. नेमकं बोललात तर नेमकं मिळेल. एक अक्षर चुकलं की विषय संपला. 'नाही' असंदेखील म्हणत नाही, काही न छापता नुसता गप्प बसतो. तुम्ही दुकानात आलात याचीच त्याने दखल घेतलेली नसते. आणि शब्द जुळला तर मात्र मागेपुढे पाहत नाही. त्याला 'राजमाची' म्हणा, तो तुम्हाला खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर नेऊन उभं करेल. किल्ला दरीच्या पलीकडे, लोणावळ्याहून पायी पंधराएक किलोमीटर. तुम्ही म्हणाल, अहो मला किल्ल्यावर जायचं होतं. तो म्हणेल, राजमाची म्हणालात, राजमाची लिहिलंय, वाचा. त्याचंही बरोबरच आहे. ग्रेपचं नेहमीच बरोबर असतं, आणि म्हणूनच तो कुणाला आवडत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली. वडगावची. पहिला महिना तिने हप्त्यांची सहा घराणी ओळखण्यात घालवला आणि मग एका सकाळी म्हणाली, "सर, आपण सगळ्या कोडचा इंडेक्स करूया का? मग साध्या भाषेत विचारता येईल."

काका खिडकीशी बसले होते. काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने. कामशेतहून लोकलने येतात, डबा साडेबाराला उघडतात आणि दोन ओळींमध्ये किती मोकळी जागा सोडली आहे यावरून कोड कुणी लिहिला ते सांगतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साध्या भाषेत विचारायचं होय? मग मी आहे की इथे."

"काका, तुम्ही पाच वाजता जाता."

"पाच दहाची लोकल आहे माझी."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून इंडेक्स करायचं ठरलं.

हा इंडेक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सगळ्या फाइलींचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा एका मॉडेलला वाचायला द्यायचा. मॉडेल त्याबद्दल काही बोलत नाही, नुसती आकड्यांची एक यादी देतं. कुठे ३८४ आकडे, कुठे ७६८, कुठे त्याहून जास्त. हा त्या तुकड्याचा अर्थातला पत्ता. मग तुमचा प्रश्नही त्याच मॉडेलला द्यायचा, त्याचीही तेवढ्याच आकड्यांची यादी येते. आता प्रश्नाची यादी आणि तुकड्याची यादी यांच्यात कोन किती, ते मोजायचं. कोन जितका लहान तितका अर्थ जवळ. मोजायला कोसाइन वापरतात. दहावीत "सर, याचा पुढे उपयोग काय?" असं विचारून ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना उत्तर मिळालं आहे. छड्या परत मिळणार नाहीत.

हे आकडे येतात कुठून? तर संगतीवरून. शब्द ओळखायचा तर तो कुणाबरोबर फिरतो ते बघावं, असं फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलं. आपल्याकडे वयात आलेल्या मुलांच्या वडिलांना हे फर्थच्या बऱ्याच आधीपासून माहीत होतं, त्यांनी फक्त त्यावर पेपर लिहिला नाही. २०१३ साली गूगलमध्ये तोमास मिकोलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना भल्यामोठ्या मजकुरावर चालवून दाखवली आणि गाजलेलं गणित पुढे आलं, की राजातून पुरुष वजा करा, स्त्री मिळवा, उत्तर राणीच्या जवळ येतं. आमच्या मुलीने हे समजावून सांगितल्यावर ऑफिसात दोन दिवस कुणी काम केलं नाही, सगळे वजाबाक्या करत बसले. त्यातली एकच लक्षात राहिली आहे. लोणावळ्यातून शनिवार-रविवार वजा केले तर काय उरतं? लोणावळा.

त्याच ओघात केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांचं नाव निघालं, निघायलाच हवं. शोधाच्या शास्त्रात ज्यांची थोरवी सांगावी तितकी थोडी अशा ज्या बाई आहेत त्यांत या पहिल्या. १९७२ साली त्यांनी दाखवलं, की जो शब्द सगळ्याच कागदांत सापडतो त्याला शोधताना वजन देऊ नये, मोजक्या ठिकाणी येणाऱ्या शब्दाला द्यावं. सूत्र मांडलं तर सगळीकडे असलेल्या शब्दाचं वजन शून्य निघतं. ज्याला हे पटत नसेल त्याने लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांवरच्या पाट्या वाचत जावं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'ओरिजिनल'. त्या शब्दावरून पहिल्या दुकानापाशीदेखील निर्णय घेता येत नाही. आमच्या प्रकल्पात 'मॅनेजर', 'हेल्पर' आणि 'कॉमन' या शब्दांची हीच गत आहे. ज्या फाइलीच्या नावात हे तिन्ही शब्द आहेत अशी एक फाइल आहे. ती चार हजार ओळींची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही जेवताना बोलत नाही.

इंडेक्स तयार झाला. पहिला प्रश्न विचारायचा मान मुलीने काकांना दिला. काकांनी विचार करून टाइप केलं, "खातेदार वारल्यावर पैसे वारसाला कसे जातात?" यंत्राने क्षणात फाइल काढून दिली. नाव होतं 'क्लोजर टाइप सात'. त्यात मृत्यू, मयत, वारस यांतला एकही शब्द नव्हता. नॉमिनी होता, दाखला होता, खातं बंद करण्याची पायरी होती, आणि तेवढ्यावरून यंत्राने ओळखलं की इथे माणूस गेलेला आहे. ग्रेपला हे कधीही जमलं नसतं. काका काही बोलले नाहीत, पण खुर्ची जरा पुढे ओढली.

ही त्याची खरी करामत. कार्ल्याचा डोंगर चढताना पाहा. कोळीवाड्यातून आलेली मंडळी एकवीरा आईला निघालेली असतात, कॅमेरा घेतलेला परदेशी पाहुणा चैत्यगृह बघायला निघालेला असतो. कोळीणबाईला चैत्यगृह विचारलं तर ती नाही म्हणेल आणि पाहुण्याला एकवीरा विचारलं तर तो हसून नमस्ते म्हणेल. पायऱ्या त्याच आहेत आणि वर गेल्यावर देऊळ लेण्याच्या तोंडाशीच आहे. दोन वेगळ्या शब्दांनी विचारलं तरी एकाच दारात आणून सोडणारा शोध पाहिजे, तो मिळाला. आठवडाभर ऑफिसात सणाचं वातावरण होतं.

मग एका पतसंस्थेच्या कार्यकर्त्याचा फोन आला, थकीत कर्जदारांची यादी चुकतेय. आमच्या एका मुलाने यंत्राला विचारलं, पण कोडमध्ये जसं रोमन लिपीत 'थकीत' लिहिलेलं असतं तसंच. यंत्राने आत्मविश्वासाने पहिल्या क्रमांकावर जी फाइल दिली ती 'थँक यू' पानाची होती. हप्ता भरल्यावर 'धन्यवाद, पुन्हा भेटू' असं जे पान दिसतं ते. यंत्राचा दोष म्हणावा तर तसाही नाही. ते बिचारं मुख्यतः इंग्रजीवर वाढलेलं, अनोळखी शब्द आला की त्याचे तुकडे पाडून ओळखीचा चेहरा शोधतं. काका म्हणाले, "थकबाकीदारांना धन्यवाद? हे बहुतेक सरकारी मॉडेल असणार."

मराठीसाठी वेगळी मॉडेलं नाहीत असं नाही. पुण्याच्याच एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ साली महाबर्ट केलं, पाठोपाठ वाक्यांचा अर्थ ताडून पाहणारं महाएसबर्ट केलं, रोमन लिपीतल्या मराठी-इंग्रजी भेसळीवरही काम केलं. आपली भाषा यंत्राला शिकवायला कुणीतरी बसलंय हे वाचून बरं वाटतं. पण बातम्यांमधली मराठी वेगळी आणि पहाटे तीन वाजता, सकाळी डेमो असताना, पतसंस्थेच्या कोडमध्ये लिहिलेली मराठी वेगळी. तिचं व्याकरण अजून कुणी लिहिलेलं नाही. लिहू पण नये.

यंत्राची खरी खोड दुसरीच आहे आणि ती कळायला मला वेळ लागला नाही, कारण मावळात ती रोज बघतो. त्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. तुम्ही काहीही विचारा, ते सगळ्यांत जवळचे दहा तुकडे काढून देणारच. जवळचे म्हणजे उरलेल्यांपेक्षा जवळचे. मुंबईहून निघालेल्याला नाशिकपेक्षा लोणावळा गोव्याच्या जवळ आहे, तसं. गंमत म्हणून मुलीने एकदा रोमन अक्षरांत विचारलं, मिसळ कुठे मिळते? पहिलं उत्तर आलं 'मिसलेनियस चार्जेस', आणि शेजारी साम्याचा आकडाही छापून. मिसळीबद्दल त्या प्रकल्पात अवाक्षर नाही. ग्रेप असता तर गप्प बसून मोकळा झाला असता आणि आपण खाली उतरून खाल्ली असती.

आता कुणी म्हणेल, जवळचं मिळालं तर काय बिघडलं? माणूस लोहगडावर गेला काय, विसापूरवर गेला काय. तर १८१८ सालची गोष्ट ऐका. विसापूर लोहगडापेक्षा उंचीने वरचढ आहे. इंग्रजांनी मार्चमध्ये आधी विसापूर घेतला आणि तो हातात आल्यावर लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही, कारण वरून तोफा रोखल्या गेल्या. शेजारी असणं आणि तेच असणं यांतला हा फरक किल्लेदाराला बरोबर कळला होता. दोनशे वर्षांनी तो युनेस्कोलाही कळला. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. त्या यादीसाठी कुणी सिमँटिक सर्च वापरला असता तर यादी कुठपर्यंत गेली असती सांगता येत नाही.

आमच्याकडे सोनेतारण कर्जाचं दंडव्याज आणि वाहनकर्जाचं दंडव्याज अशा दोन फाइली आहेत. शब्द तेच, सूत्राची बांधणी तीच, टिपणंही एकाने दुसऱ्यावरून उतरवलेली. अर्थाच्या नकाशावर या दोघींच्या मध्ये लोहगड-विसापूरमधल्या गायमुख खिंडीएवढंही अंतर नाही. यंत्राला वाहनाचं विचारलं की ते सोन्याचं वर काढतं, आणि दोन्ही फाइली उघडून शेजारी ठेवल्या तरी सहज नजरेला फरक कळत नाही. फरक एका ओळीत आहे. ती ओळ न बघता कुणी दुरुस्ती केली, तर ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याला सोन्याच्या हिशेबाने दंड लागेल आणि मग तो शेतकरी जी भाषा वापरील तिचा अर्थ काढायला कुठलंही मॉडेल लागणार नाही.

नकाराचं तर विचारूच नका. 'जुनी खाती काढावीत' आणि 'जुनी खाती काढू नयेत' ही दोन वाक्यं आपल्याला विरुद्ध वाटतात. यंत्राच्या लेखी ती जवळपास एकाच घरातली, कारण दोन्हींत खाती आहेत, जुनी आहेत, काढण्याचा विषय आहे. 'नयेत' हे त्याच्या दृष्टीने बारीकसं नक्षीकाम. आधी मला वाटलं यंत्रच मठ्ठ आहे. मग घाटाच्या कठड्याला लावलेली 'येथे कचरा टाकू नये' ही पाटी आणि तिच्या बुडाशी चिप्सच्या पाकिटांचा ढीग पाहिला, आणि यंत्राबद्दलचा राग गेला. पाटीत कचऱ्याचा उल्लेख आहे, 'येथे' असंही म्हटलंय. तेवढा अर्थ लोकांपर्यंत पोचला.

आणखी एक भानगड अशी, की इंडेक्स शिळा होतो. कोड रोज बदलतो, इंडेक्स मात्र ज्या दिवशी केला त्या दिवसाचं जग धरून बसतो. पुन्हा पुन्हा ताजा करावा लागतो, नाहीतर तो तुम्हाला नसलेल्या फाइलीत पाठवतो. आमच्या भागात हे नवं नाही. खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल १८३० साली बांधलेला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडला तेव्हा, तो पाडला. आजही ड्रायव्हर फोनवर सांगतात, "अमृतांजन पुलापाशी आहे, जाम लागलाय." पूल नाही, पण ठिकाण आहे आणि जामही आहे. ऐकणाऱ्यालाही ते समजतं, कारण त्याच्याही डोक्यात तोच शिळा इंडेक्स असतो. माणसांचं यावर भागतं. दोघांनी मिळून जुनं धरलं की ते बरोबरच ठरतं. यंत्राचं भागत नाही, ते एकटंच जुनं धरून बसतं.

काका आणि यंत्र यांची एकदाच समोरासमोर गाठ पडली. रोजचं व्याज मोजण्याचं काम सगळीकडे रात्री बाराला सुरू होतं, एका शाखेचं मात्र पहाटे सव्वाचारला. शेजारी टिपण आहे, 'वेळ बदलू नये'. बाकी काही नाही. मुलीने यंत्राला विचारलं, सव्वाचार का? यंत्राने घड्याळाच्या वेळक्षेत्राची फाइल दिली, मग कॅलेंडर दिलं, मग कर्मचाऱ्यांच्या रजेचा अर्ज दिला. तिने काकांकडे पाहिलं.

"पवन मावळातली शाखा ना ती?" काका म्हणाले. "तिकडे पावसाळ्यात रात्री लाइट जायची ती जायचीच. पहाटे चारला वॉचमन पाण्याची मोटर लावायला जनरेटर चालू करायचा. त्याला जनरेटर तापवायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. म्हणून सव्वाचार."

"मग तसं लिहिलं का नाही तुम्ही?"

"काय लिहू? वॉचमनचं नाव?"

"आता आहे का जनरेटर?"

"वॉचमनच नाही, जनरेटर कसला! इन्व्हर्टर बसवला कधीच. पण वेळ कुणी बदलली नाही. लिहिलंय ना, बदलू नये."

या प्रसंगानंतर ऑफिसात दोन तट पडले. एक काकांचा, एक यंत्राचा. मी यंत्राच्या तटात आहे, पण पाच दहाच्या लोकलपर्यंत नाही. फाइलीत जे लिहिलेलंच नाही त्याचा अर्थ ते कुठून काढणार? वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या डोंगरांच्या कुशीत लाइट जाते, ही बातमी आमच्या कोडमध्ये कुठेच नाही. सव्वाचार तेवढं आहे.

गंमत म्हणजे जगात वारं परत फिरायला लागलंय. दोन्ही शोध जोडीने चालवायचे, शब्दाचाही आणि अर्थाचाही, मग दोन्हींचे निकाल एकत्र करून लावायचे, हा रिवाज आता रुळलाय. कोड लिहून देणारे जे नवे सहायक आलेत त्यांतले काही तर इंडेक्सच्या फंदात न पडता सरळ ग्रेप मारत बसतात. एक शब्द टाकून पाहतात, नाही मिळाला की दुसरा, एक एल, दोन एल, ईएमआय, किस्त, न कंटाळता. माणसाने हे केलं तर आपण म्हणतो त्याला प्रकल्प समजलेला नाही. यंत्राने केलं की त्याला बुद्धिमत्ता म्हणतात आणि महिन्याचं बिल येतं. थॉम्पसन यांनी एका रात्रीत केलेल्या कामाला इतका मोठा नातू झाला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी काय वेगळं करतो?" आणि डबा उघडला. साडेबारा वाजले होते.

काका येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. त्याआधी मुलगी रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून 'का' विचारते आणि उत्तरं फाइलीत लिहून ठेवते. वॉचमनचंही लिहिलंय, नाव सोडून. यंत्र आता सव्वाचारचं उत्तर बरोबर देतं आणि काकांना वाटतं ते हळूहळू शहाणं होतंय.

एक फोल्डर मात्र काकांच्याही हाताबाहेरचं आहे. त्याचं नाव 'तात्पुरते'. ग्रेप म्हणतो त्याला कुणी हाक मारत नाही. यंत्राला विचारलं तर ते भाषेच्या सेटिंगकडे बोट दाखवतं, कारण आतल्या व्हेरिएबलची नावं तुंग, तिकोना अशी गडांची आहेत आणि रोमन लिपीतला तुंग त्याला जिभेसारखा दिसतो. फोल्डर बाजूला काढून ठेवलं की तीन शाखांमधली पिग्मी बंद पडते, परत जागेवर ठेवलं की चालू होते. तेव्हा वाचकांना विनंती, २०११ च्या सुमारास तळेगावात पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले, कंस उघडण्याआधी एक जागा मोकळी सोडणारे आणि सुट्टीच्या दिवशी पवन मावळातले गड चढणारे कुणी गृहस्थ आपल्या ओळखीत असतील, तर त्यांना आमच्याकडे पाठवावं. कुणीही रागावणार नाही. त्यांनी फक्त ते फोल्डर काय करतं एवढं सांगावं, पाचच्या आत आले तर काकाही भेटतील.